टाक्याचं की दुर्बिणीचं?

प्रौढ माणसाचा अश्रुमार्ग एकदा पूर्ण बंद झाला की तो औषधाने उघडत नाही. तान्ह्या बाळाचा उघडतो, कारण त्याच्या नळीच्या तोंडाशी नुसता एक पातळ पडदा राहून गेलेला असतो. आईने डोळ्याच्या कोपऱ्याशी नीट मालिश केलं तर बहुतेक बाळांचा हा पडदा वर्षाच्या आत फाटतो. पन्नाशीच्या बाईच्या नळीत मात्र वर्षानुवर्षांच्या दाहाने आतलं अस्तर सुजून, चिकटून घट्ट झालेलं असतं. तिथे मालिशचा उपयोग नाही, थेंब पोचत नाहीत, आणि सळई घालून नळी मोकळी केली तरी ती बहुधा पुन्हा मिटते. म्हणून शस्त्रक्रिया. इथपर्यंत डॉक्टरांत फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो रुग्णाच्या पुढच्या प्रश्नापासून: "डॉक्टर, टाक्याचं करणार की दुर्बिणीतून?" अलीकडे त्याला जोडून आणखी एक प्रश्न येतो: "लेझरनं नाही का होत?"

रुग्णाने हे विचारावं यात काहीच गैर नाही. सुरी त्याच्या चेहऱ्यावर चालणार असते. पण डॉक्टर मंडळीही याच प्रश्नापाशी अडून बसतात, परिषदांमध्ये त्वचेवाले आणि नाकवाले असे दोन तट पडतात, आणि दवाखान्यांच्या पाट्यांवर 'बिनटाक्याची' हा शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरांत येतो, हे मला खटकतं. या शस्त्रक्रियेचं यश वाट त्वचेतून काढली की नाकातून, यावर थोडं अवलंबून असतं. हाडात पाडलेलं भोक केवढं होतं आणि अश्रुपिशवी पूर्ण उघडली की अर्धवट, यावर ते पुष्कळ अवलंबून असतं. वाटेवरून वाद घालताना एक मोठा गट आपल्या नजरेतून सुटतो: ज्यांना कुठलीच वाट न देता पिशवीच काढून मोकळं केलं जातं, ती म्हातारी माणसं.

आधी रचना समजून घेऊ, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. दोन्ही पापण्यांवर, नाकाकडच्या टोकाशी, एकेक बारीक छिद्र असतं. आरशासमोर खालची पापणी किंचित बाहेर ओढली तर ते दिसतं. तिथून दोन नलिका निघतात, बहुतेकांत पुढे एक होतात आणि नाकाच्या मुळाशी हाडाच्या खोबणीत बसलेल्या अश्रुपिशवीत उघडतात. पिशवी साधारण १२ ते १५ मिलिमीटर उंच असते. तिच्या तळातून एक नळी हाडाच्या बोगद्यातून उतरते आणि नाकात, खालच्या टर्बिनेटच्या, म्हणजे हाडाच्या वळकटीच्या, आड उघडते. रडताना नाक वाहतं ते यामुळेच. हे पाणी नुसतं उतारावरून घरंगळत नाही. प्रत्येक वेळी डोळा मिटला की पापणीचा स्नायू या मार्गाला दाबतो आणि सोडतो, आणि अश्रू आत ओढले जातात. हा पंप लक्षात ठेवायला हवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

अडथळा बहुतेक वेळा पिशवीच्या खाली, हाडातल्या नळीत असतो. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा बराच जास्त दिसतो, आणि तोही चाळिशी-पन्नाशीनंतर. बायकांचा हाडाचा बोगदा सरासरीने अरुंद असतो हे एक कारण दिलं जातं, रजोनिवृत्तीनंतर अस्तरात होणारे बदल हे दुसरं. १९८६ मध्ये लिनबर्ग आणि मॅककॉर्मिक यांनी अशा रुग्णांच्या नळीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना दाह आणि त्यातून आलेला तंतूंचा घट्टपणा दिसला. काही वेळा कारण समोर असतं: अपघातात मोडलेलं नाक, सायनसची जुनी शस्त्रक्रिया, थायरॉइडच्या कर्करोगासाठी दिलेलं किरणोत्सारी आयोडीन, डोसिटॅक्सेलसारखी कर्करोगावरची औषधं.

गावाकडे या दुखण्याला लासरू म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या सांध्यांत होणारे नऊ रोग सांगितले आहेत, त्यातला पूयालस हा त्याच्याशी मिळताजुळता आहे असं अनेक वैद्य मानतात. म्हणजे दुखणं ओळखीचं आहे. तरीही डोळ्याला पाणी येणाऱ्या बाईला आधी चुलीच्या धुराचं कारण सांगितलं जातं, मग उन्हाचं, मग वयाचं. ती पदराने डोळा पुसत राहते, कोपऱ्यातली कातडी सोलवटते, आणि मेडिकलवाला दर महिन्याला तेच प्रतिजैविकाचे थेंब देतो. निदान तर इतकं सोपं आहे की त्याला वेळ लागावा याचं वाईट वाटतं. कोपऱ्याशी बोटाने दाबलं आणि छिद्रातून पू किंवा चिकट पाणी वर आलं, तर पिशवीत तुंबलेलं आहे हे कळतं. बारीक कॅन्युलाने छिद्रातून सलाईनचं पाणी सोडलं आणि ते घशात उतरलं नाही, तर मार्ग बंद आहे. तालुक्याच्या नेत्रविभागातही हे पाच मिनिटांत होतं. त्यात एक पथ्य मात्र पाळावं लागतं. पाणी येणारा प्रत्येक डोळा बंद नळीचा नसतो. कोरडेपणामुळे चुरचुरणारा डोळाही भरपूर पाणी गाळतो, आणि वयाने सैल पडलेली पापणी छिद्राला डोळ्यापासून दूर नेते. अशा माणसाच्या नाकाच्या हाडाला भोक पाडून काहीच साधत नाही.

घरातल्या मोरीचा नळ भिंतीच्या आत कायमचा चोंदला तर जाणता गवंडी तो खरवडत बसत नाही. भिंतीला भोक पाडून पाणी दुसरीकडून काढतो. अश्रुमार्गाच्या शस्त्रक्रियेची कल्पना नेमकी हीच आहे, पण ती नीट आकाराला यायला फार काळ गेला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दोमिनिक आनेल या फ्रेंच सर्जनने बारीक सळई आणि पिचकारी बनवली. नळीत पाणी सोडून तपासण्याची आजची पद्धत तिथूनच आली. विलियम बोमनच्या सळया एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रूढ झाल्या. या सगळ्यांचा भर जुनी नळी मोकळी करण्यावर होता, आणि जुनी नळी पुन्हा मिटत होती. १९०४ मध्ये इटलीतल्या आद्देओ तोती यांनी नळीचा नाद सोडला. त्यांनी बाहेरून चीर देऊन पिशवी आणि नाक यांच्यामधलं हाड काढलं, आणि पिशवी थेट नाकात उघडली. त्या शस्त्रक्रियेचं लांबलचक नाव डॅक्रिओसिस्टोऱ्हायनोस्टॉमी. आपण सगळे तिला डीसीआर म्हणतो. तोतींच्या रीतीत हाडाच्या कडांभोवती जखम भरताना भोक आवळून जायचं. १९२० च्या सुमारास पॅरिसच्या द्युपुई-द्युतां आणि बूर्गे यांनी त्यावर उपाय काढला: पिशवीचं अस्तर आणि नाकाचं अस्तर यांच्या झडपा करून त्या एकमेकींना शिवायच्या. आज 'टाक्याची' म्हणून जी डीसीआर केली जाते तिचा गाभा हाच आहे.

आता ज्या वाटेला आपण नवी समजतो तिच्याकडे वळू. नाकातून ही शस्त्रक्रिया करण्याचं वर्णन न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल यांनी १८९३ मध्येच केलं होतं, म्हणजे तोतींच्या अकरा वर्षं आधी. १९१० मध्ये वेस्ट यांनी ती सुधारली. तरी ती टिकली नाही, कारण नाकाच्या अरुंद, रक्ताळलेल्या पोकळीत त्या काळच्या दिव्यांना काही दिसत नव्हतं. बाहेरची वाट पुढे गेली ती तत्त्वाच्या जोरावर नव्हे. तिथे उजेड पोचत होता, एवढंच. हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या दुर्बिणीने नाकाच्या आतला उजेडाचा प्रश्न सोडवला, आणि १९८९ मध्ये मॅकडोनो आणि मीरिंग यांनी दुर्बिणीतून केलेल्या डीसीआरचा अहवाल दिला. एक वाट जुनी म्हणून टाकाऊ आणि दुसरी नवी म्हणून सरस, हा समज या इतिहासापुढे टिकत नाही.

बाहेरच्या शस्त्रक्रियेबद्दल मला आदर आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्यापासून थोडं अंतर ठेवून, सुमारे १० ते १२ मिलिमीटरची चीर द्यायची. तिथून जाणारी कोपऱ्याची शीर जपायची, कारण ती तुटली तर पुढचा अर्धा तास रक्त पुसण्यात जातो. हाडाला चिकटलेलं आवरण सरकवून पिशवी बाजूला केली की खाली अश्रुअस्थी दिसते. ती इतकी पातळ असते की बोथट हत्याराच्या दाबानेही फुटते. तिथून केरिसन पंच, म्हणजे हाड कुरतडायचं हत्यार, घालून पुढचं, वरच्या जबड्याचं जाड हाड तुकड्या-तुकड्याने काढत जायचं, भोक १२ ते १५ मिलिमीटरचं होईपर्यंत. इथे घाई करणारा सर्जन पुढे पस्तावतो. मग पिशवी उभी चिरायची, नाकाचं अस्तर चिरायचं, आणि झडपा शिवायच्या. हाताखाली सगळं उघड दिसतं. पिशवीत गाठ असेल, खडा असेल, संशयास्पद मांस असेल तर ते डोळ्यांना दिसतं आणि तुकडा तपासायला पाठवता येतो. जागा बधिर करून आणि थोडं गुंगीचं औषध देऊन हे करता येतं, म्हणजे वयस्कर, हृदयाचा त्रास असलेल्या माणसालाही पूर्ण भूल देण्याची गरज पडतेच असं नाही. यंत्रसामग्री थोडी लागते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही ही शस्त्रक्रिया उत्तम होऊ शकते.

तिचे तोटेही खरे आहेत. चेहऱ्यावर व्रण राहतो. बहुतेकांचा तो वर्षभरात फिका पडतो आणि चष्म्याआड झाकतो, पण सावळ्या, जाड व्रण धरणाऱ्या त्वचेवर तो उठून दिसू शकतो. लग्न ठरायच्या वयातल्या मुलीला "काही दिसणार नाही" असं सांगणं मला बरोबर वाटत नाही; दिसू शकतं, आणि ते तिला आधी कळायला हवं. आणि पापणीचा तो पंप. चीर त्याच स्नायूतून जाते, त्यामुळे मार्ग उघडला तरी काही रुग्णांचा पंप पूर्वीसारखा चालत नाही.

नाकातून जाणारी वाट नेमके हे दोन तोटे टाळते. त्वचेला हात लागत नाही, स्नायू शाबूत राहतो. शिवाय नाकाचा पडदा वाकडा असेल, टर्बिनेट मोठं असेल, जुन्या शस्त्रक्रियेनंतर आत चिकटलेलं असेल, तर ते त्याच वेळी दुरुस्त करता येतं. कोपऱ्याशी गळू आलेल्या, लाल सुजलेल्या डोळ्यात बाहेरून चीर द्यायला सर्जन कचरतात. नाकातून मात्र तिथेही पू काढून मार्ग करता येतो. पण या शस्त्रक्रियेला चांगली दुर्बीण लागते, कॅमेरा लागतो, हाड घासायचं ड्रिल असेल तर उत्तम, आणि सगळ्यात जास्त लागतो तो सराव. पडद्यावर पाहून दोन्ही हातांनी नाकात काम करणं एका-दोन शिबिरांत येत नाही. शस्त्रक्रियेनंतर नाकातली खपली काढायला रुग्णाला पुन्हा पुन्हा यावं लागतं. ज्याला गावावरून एसटीने यायचं आहे त्याच्यासाठी हा मुद्दा व्रणापेक्षा मोठा असू शकतो.

सुरुवातीच्या काळात नाकातल्या शस्त्रक्रियेचे निकाल बाहेरच्यापेक्षा कमी येत होते, आणि त्याचं कारण शोधताना जे सापडलं ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सर्जन समजत होते की पिशवीचा मोठा भाग नाकातल्या मधल्या टर्बिनेटच्या टोकाखाली आहे. तिथलं हाड पातळ, काढायला सोपं. ऑस्ट्रेलियातले पीटर-जॉन वर्मल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये पिशवीत रंगद्रव्य भरून सीटी स्कॅन केले आणि मोजमाप घेतलं. पिशवी त्या टोकाच्या वर सरासरी जवळपास ९ मिलिमीटर पसरलेली होती, खाली ४ च्या आसपास. म्हणजे सर्जन पिशवीच्या तळाशी एक छोटी खिडकी पाडत होते आणि वरचा मोठा भाग, जिथे पापणीच्या नलिका येऊन मिळतात, तो बंदच राहत होता. वर्मल्ड यांनी ड्रिलने वरचं जाड हाड काढून पूर्ण पिशवी उघडी केली, तिचं अस्तर पुस्तकाच्या पानांसारखं दोन्ही बाजूंना पसरवलं आणि नाकाच्या अस्तराला लावून दिलं. निकाल बाहेरच्या शस्त्रक्रियेच्या पंक्तीला आले. वाट तीच होती, नाकातली. बदललं ते भोकाचं माप आणि अस्तर अस्तराला जुळवण्याची काळजी. त्याआधी ऐंशी वर्षं द्युपुई-द्युतां यांनी पॅरिसमध्ये जे टाक्यांनी साधलं तेच इथे नाकातून साधलं गेलं.

लेझरची गोष्ट याच तत्त्वाने उलगडते. पापणीच्या नलिकेतून बारीक फायबर आत घालून डायोड लेझरने हाडाला आतून भोक पाडायचं. रक्त कमी, वेळ कमी, चीर नाही, टाके नाहीत. जाहिरातीला याहून सोयीचं काय असणार? पण हे भोक लहान असतं, कडा भाजलेल्या असतात, आणि भाजलेली जखम भरताना आवळते. अस्तर अस्तराला जोडलंच जात नाही. लेझर नाकातून वापरला तरी चित्र फारसं वेगळं नाही. फिनलंडमध्ये ६४ जणांवर झालेल्या चाचणीत नाकातून लेझरने केलेली डीसीआर आणि बाहेरची डीसीआर यांची चिठ्ठ्या टाकून वाटणी करून तुलना झाली: बाहेरच्या गटात ९१ टक्के मार्ग उघडे राहिले, लेझरच्या गटात ६३ टक्के. दहातले जवळपास चार लोक पुन्हा त्याच दुखण्याकडे. माझ्या मते ठराविक, कारण सांगता येईल अशा रुग्णांपलीकडे लेझर डीसीआर आधुनिक म्हणून पुढे करणं योग्य नाही. 'लेझर' या शब्दाची जी भुरळ मोतीबिंदूपासून मूळव्याधीपर्यंत आपल्याकडे पडली आहे तिच्या मागे इथे आधार फार कमी आहे.

दुर्बीण आणि ड्रिलने किंवा पंचने केलेल्या नाकातल्या डीसीआरचं काय? इथे पुरावा किती तोकडा आहे हे स्पष्ट सांगायला हवं. कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये या दोन वाटांची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा आढावा घेतला. कडक निकषांत बसणाऱ्या चाचण्या मिळाल्या फक्त दोन. एक वर सांगितलेली फिनलंडची. दुसरी भारतातली, ४० जणांची, पंचने केलेल्या नाकातल्या डीसीआरची. तिथे दोन्ही गटांत ९० टक्के मार्ग उघडे राहिले. ४० माणसांवरून कुणाचाही विजय जाहीर करता येत नाही. मोठमोठ्या केंद्रांचे स्वतःचे अहवालही साधारण याच आकड्यांच्या आसपास येतात, पण ते अहवाल चांगल्या हातांचे असतात. दुय्यम साधनांची अवस्थाही तशीच. शस्त्रक्रियेनंतर भोकात सिलिकॉनची बारीक नळी काही आठवडे ठेवायची पद्धत आहे. सरसकट प्रत्येकात ती ठेवून निकाल फारसा सुधारत नाही असं अनेक तुलनांत दिसलं; पापणीकडच्या नलिका अरुंद असतील किंवा शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा होत असेल तर ठेवायला कारण आहे. मायटोमायसिन हे कर्करोगावरचं औषध जखम आवळू नये म्हणून लावण्याबद्दलही असाच मतभेद आहे.

आकड्यांत आणखी एक गुंता आहे, आणि रुग्णाला तो बहुधा सांगितला जात नाही. 'यश' कशाला म्हणायचं? सहा महिन्यांनी पाणी सोडलं आणि ते घशात उतरलं, तर सर्जनच्या नोंदीत यश. पण रुग्णाचा डोळा वाऱ्यात अजूनही पाणावत असेल, तर त्याच्या दृष्टीने अर्धंच काम झालं. मार्ग उघडला आणि तरी पाणी राहिलं, असे रुग्ण प्रत्येक मालिकेत असतात. कारण पंप दुबळा असतो, पापणी सैल असते, डोळा कोरडा असतो. पू थांबणं आणि पाणी थांबणं हे दोन वेगळे फायदे आहेत. पहिला जवळजवळ नक्की मिळतो, दुसऱ्याची हमी देऊ नये. नवा मार्ग झाल्यावर नाक शिंकरलं की डोळ्यातून हवा येते, हेही आधी सांगितलं तर रुग्ण घाबरून रात्री फोन करत नाही.

मग वाट ठरवायची कशी? माझं उत्तर असं. आधी रुग्णाच्या नाकात दुर्बिणीने डोकवा. नाक पाहिल्याशिवाय कुठलीच डीसीआर ठरवू नये. नाकात दुरुस्त करण्यासारखं काही असेल, कोपऱ्याशी गळू वारंवार येत असेल, किंवा तरुण रुग्णाला व्रणाची खरी चिंता असेल, तर नाकातून, आणि तेही हे काम सतत करणाऱ्या हाताकडून. डोळ्यातून रक्ताळलेलं पाणी येत असेल, कोपऱ्याच्या वरच्या बाजूला घट्ट गाठ लागत असेल, तर ती कर्करोगाची असू शकते असं धरून चाला, स्कॅन करा, आणि पिशवी डोळ्यांसमोर उघडता येईल अशी वाट निवडा. अपघातात तिथलं हाड चुरडलेलं असेल तरी मला बाहेरची वाट खात्रीची वाटते. मधले सगळे रुग्ण, आणि बहुतेक रुग्ण मधलेच असतात, त्यांच्यासाठी सर्जनचा हात ज्या वाटेवर बसला आहे ती वाट चांगली. जो सर्जन बाहेरची डीसीआर दर आठवड्याला करतो त्याने फॅशन म्हणून दुर्बीण हातात घेऊ नये, आणि रुग्णानेही त्याला त्यासाठी भरीस पाडू नये. अडथळा पिशवीच्या वर, पापणीकडच्या नलिकांतच असेल तर यातली कुठलीच डीसीआर एकटी पुरत नाही. तिथे डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकापर्यंत काचेची बारीक जोन्स नळी कायमची बसवावी लागते. तो वेगळाच, जास्त चिकाटीचा मामला आहे. नळी पूर्ण बंद नसून अरुंद असेल तर फुग्याने ती रुंदावण्याचा प्रयत्न करता येतो, पण पूर्ण बंद नळीत फुगा हा उपाय नाही.

आता त्या गटाकडे येतो ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी आपल्याकडे अश्रुमार्ग तपासायची शिस्त आहे, आणि ती उत्तम आहे. पिशवीत पू असताना डोळा उघडला तर जंतू डोळ्याच्या आत जाऊन दृष्टी कायमची जाऊ शकते. पण सत्तरीच्या आजीच्या पिशवीत पू सापडला की पुष्कळदा पुढचा निर्णय विचार न करताच होतो: डीसीटी, म्हणजे पिशवीच काढून टाका. शस्त्रक्रिया लहान, रक्तस्राव कमी, पू संपतो, आणि थोड्याच दिवसांत मोतीबिंदूचं काम होतं. आजीला सांगतात, "घाण काढून टाकली." तिला हे सांगत नाहीत की आता या डोळ्याचं पाणी उतरायला मार्गच उरलेला नाही, आणि ते आयुष्यभर गालावरून वाहणार आहे.

डीसीटीला जागा नाही असं मी म्हणत नाही. पिशवीत गाठ असेल, तळ्यातल्या पाण्यातून होणारा ऱ्हायनोस्पोरिडिओसिस पिशवीत पसरला असेल, नाकाचं अस्तर पूर्ण सुकून गेलेलं असेल, डोळा इतका कोरडा असेल की मार्ग उघडून उरलंसुरलं पाणीही जाईल, किंवा माणूस इतका अशक्त असेल की लांब शस्त्रक्रिया झेपणार नाही, तर डीसीटी योग्य आहे. पण 'वय झालं' हे एकटं कारण पुरेसं नाही. सत्तरीची बाई अजून दहा-पंधरा वर्षं स्वयंपाक करते, पोथी वाचते, शेतावर जाते. जागा बधिर करून डीसीआर होते. काही आठवड्यांनी मोतीबिंदूही होतो. मध्ये थांबावं लागतं, दुसरी फेरी मारावी लागते, शिबिराच्या यादीतलं नाव पुढच्या शिबिरात जातं. ही गैरसोय आपली आहे, व्यवस्थेची. तिची किंमत रुग्णाच्या गालावरून वाहणाऱ्या पाण्याने का फेडायची?

तरुण शेतमजुरांच्या बाबतीतही दिरंगाई महाग पडते. ऊसतोडीत पात्याने बुबुळाला खरचटलं, भात झोडपताना कणीस लागलं, तर निरोगी डोळ्यात ती जखम बहुधा भरून येते. पिशवीत सतत न्यूमोकॉकससारखे जंतू वाढत असतील तर तीच जखम चिघळते, बुबुळावर पांढरं फूल पडतं, कधी डोळाच जातो. डोळ्याला पाणी येतं म्हणून दुर्लक्ष केलेल्या अशा माणसाला वेळेवर कुठलीही डीसीआर, टाक्याची किंवा दुर्बिणीची, मिळाली असती तर बुबुळ वाचलं असतं. इथे दोन वाटांमधला फरक क्षुल्लक आहे, वाट मिळणं आणि न मिळणं यातला फरक डोळा राखणारा आहे.

हे सगळं प्रत्यक्षात यायचं तर एक अडथळा दूर करायला हवा, तो म्हणजे खात्यांमधली भिंत. पिशवी नेत्रविभागाची, नाक कान-नाक-घसा विभागाचं. रुग्ण एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवला जातो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला तिथल्या सर्जनला येते तीच शस्त्रक्रिया सर्वोत्तम म्हणून सांगितली जाते. नेत्रशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला बाहेरची डीसीआर हाताने करायला मिळालीच पाहिजे; ती जुनी झाली म्हणून शिकवणं कमी करू नये, कारण ज्या रुग्णालयात दुर्बीण नाही तिथे उद्या तीच उपयोगी पडणार आहे. त्याच विद्यार्थ्याला नाकाच्या आतली रचना दुर्बिणीतून दाखवलीही पाहिजे, आणि कान-नाक-घसा विभागाच्या विद्यार्थ्याला पापणीच्या नलिकांत सळई कशी घालायची ते शिकवलं पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालयात हे दोन विभाग बहुधा एकाच आवारात असतात. महिन्यातून एक सकाळ दोघांनी मिळून अश्रुमार्गाची ओपीडी चालवावी, रुग्णाचं नाक आणि डोळा एकाच दिवशी पाहावं, वाट तिथल्या तिथे ठरवावी. सहा महिन्यांनी प्रत्येक रुग्णाला परत बोलवून पाणी सोडून पाहावं आणि "डोळा अजून पाणावतो का" हेही विचारावं, आणि दोन्ही उत्तरं त्या विभागाच्या वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या रुग्णाने टाक्याचं की दुर्बिणीचं असं विचारलं, की त्याला फिनलंडचे आकडे सांगण्याआधी आपल्या वहीतले सांगता यायला हवेत.